‘त्स’नंतरची शांतता

डेझबाची गाडी ओढ्यात रुतली, तेव्हा बाप्या पाऊस येऊन, धिंगाणा घालून निघूनही गेला होता. मागून आता बाई-पाऊस आला होता... आवाज न करता, भुरभुर, अंगावरून नुसता हात फिरवल्यासारखा. चुस्का डोंगर ढगात अर्धा बुडाला होता. लाल मातीचं लोणी झालं होतं, आणि गाडीची मागची दोन्ही चाकं त्या लोण्यात पार आसापर्यंत गेली होती.

डेझबा बोनेटवर चढून बसली होती. ती चिडली होती, पण हवेत ओल्या रानदवण्याचा असा काही वास सुटला होता, की धड चिडताही येईना.

इतक्यात पाण्याची टाकी लादलेला एक निळा ट्रक पलीकडच्या काठावर येऊन थांबला. आतून एक उंच तरुण उतरला. त्यानं आधी चाकांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आणि मग पुन्हा चाकांकडे — पण जरा उशिरा.

“बसलेय केव्हाची,” ती म्हणाली. “यायला अंमळ उशीरच केलात.”

तो हसला. त्यानं ट्रकमधून साखळी काढली, चिखलात गुडघे टेकून अडकवली आणि तीन हिसक्यांत गाडी बाहेर ओढली. साखळी गुंडाळताना त्याच्या टोपीच्या काठावरून पाण्याचे थेंब टपटपत होते, आणि आपण ते मोजतो आहोत हे डेझबाच्या जरा वेळानं लक्षात आलं.

दिने या इथल्या आदिवासी जमातीतली माणसं भेटली की आधी कूळ सांगतात. आईकडून आलेलं कूळ एकच निघालं, तर ती दोघं भाऊ-बहीण. मग जन्मात एकमेकांना पाहिलेलं नसलं, तरीही.

“मी डेझबा,” ती म्हणाली. “त्से देश्गिझ्नी. खडकातल्या खिंडीची माणसं आम्ही. आणि तुम्ही?”

त्यानं तोंड उघडलं. “त्स—”

तेवढंच. गळ्याची शीर ताठ झाली, डोळे मिटले. “त्स—”

“त्से देश्गिझ्नी?” डेझबानं घाईघाईनं वाक्य पुरं केलं. “अगं बाई! म्हणजे आपलेच निघालात की! दादाच माझे!”

त्यानं डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं... आणि तोंड मिटून घेतलं. टोपी जराशी खाली ओढली नि ट्रकमध्ये जाऊन बसला. ट्रक वळणाआड गेला तरी ती तिथेच उभी होती. भाऊ भेटला म्हणून माणसाला आनंद व्हायला हवा. तिला मात्र काहीतरी हातातून निसटून चिखलात पडल्यासारखं वाटत होतं.

*

डेझबा विद्यापीठात उच्चारांचा अभ्यास करायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती घरी आली होती, ती आपल्याच भाषेतली गळामीट व्यंजनं मोजायला. घसा मिटायचा, तोंडातल्या तोंडात हवा दाबायची आणि बूच उडाल्यासारखं व्यंजन सोडायचं. मग क्षणभर शांतता... सेकंदाचा जेमतेम दहावा भाग... आणि त्यानंतर स्वर. साधं ‘त्साह’ म्हटलं की दाभण. घसा मिटून ‘त्स’आह’ म्हटलं की रानदवणा. सगळा फरक त्या इवल्याशा शांततेचा. म्हाताऱ्यांच्या बोलण्यात ती स्वच्छ ऐकू यायची, तरुण पोरांच्या बोलण्यातून मात्र पुसट होत चालली होती. म्हणून डेझबा गावसभेच्या घरात टेबल मांडून चाळीस माणसांचे आवाज टिपून घेत होती.

आई मेंढरं घेऊन डोंगरावर गेली होती. घरी डेझबा एकटीच. आणि मंगळवारी पाणी घेऊन आला, तो ओढ्यावरचा हाच.

वेलन एत्सिट्टी त्याचं नाव. काळ्या पठाराच्या पलीकडचा. या बाजूला पाणी पोचवायला वसंतात आलेला, त्यामुळे अजून फारसं कुणाच्या ओळखीचा नव्हता. तो बोलायचा, अगदी छान बोलायचा. फक्त काही शब्द आले की घसा बंद व्हायचा तो उघडायचाच नाही. लहानपणापासूनचं. म्हणून त्यानं पळवाटा शोधून ठेवल्या होत्या.

“ती दाढीवाली तुझी वही खातेय,” पिंपात नळी सोडत तो म्हणाला.

“कोण दाढीवाली?” डेझबानं वळून पाहिलं आणि शेळीच्या तोंडातून वही हिसकावली. “अहो, शेळी म्हणा ना सरळ!”

“दाढी दिसते ना आधी.”

ढगाला तो आभाळात चरणारी मेंढरं म्हणायचा, गवताला मेंढरांचं जेवण. पहिल्यांदा तिला हसू आलं. दुसऱ्या मंगळवारी ती पिंपाजवळ मुद्दामच घुटमळली, आज हा कशाला काय म्हणतो ते ऐकायला. चार शब्दांत आटपणारी गोष्ट हा माणूस असा वळसा घालून सांगायचा, की वाटेत काहीतरी सुंदर दिसायचंच.

पण नावाला आणि कुळाला पळवाट नसते.

“दादा, कॉफी घेणार?” ती विचारायची. ते ‘दादा’ ती जरा जोरातच म्हणायची. त्याला ऐकू जावं म्हणून नव्हे... स्वतःला. आणि ‘दादा’ म्हटलं, की त्याचा चेहरा उन्हावरून ढग सरकावा तसा होऊन जायचा.

“काय झालं?”

“काही नाही. कॉफी कडू आहे.”

“साखर घालू?”

“नको. कडू आहे ते बरंय.”

तिसऱ्या मंगळवारी तिनं त्याला ध्वनिमुद्रकासमोर बसवलंच. “शब्दांची यादी आहे, जमतील तेवढेच वाचा. सुरुवातीला नाव आणि कूळ सांगायचं. सगळ्यांनी सांगितलंय.”

तो बराच वेळ यादीकडे पाहत बसला. मग नाव सांगितलं. मग — “त्स—”... पुन्हा “त्स—”... आणि तिसऱ्यांदा. कपाळावर घाम आला. डेझबाला बघवेना.

“असू दे, दादा,” ती हळूच म्हणाली. “राहू दे. माहीत आहे मला.”

वेलन उठला. “तुला सगळंच माहीत असतं,” तो म्हणाला. या वाक्यात त्याला कुठेही अडायला झालं नाही. दारात तो थांबला. “सोमवारी मी आयडाहोला जातोय. वणवा विझवणाऱ्या तुकडीत. पाणी दुसरं कुणीतरी आणेल.”

“कधी परत येणार?”

“तिकडे पाऊस पडला, की.”

नळी गुंडाळताना त्यानं मागे वळून पाहिलं नाही. डेझबानं पिंपाचं झाकण उघडून पाहिलं. पिंप काठोकाठ भरलं होतं, आणि त्यात आभाळ हलत होतं.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मोजमापं करायला बसली. पडद्यावर एकेका आवाजाची लाट उलगडत होती. साधा ‘त्स’ फुटला, की त्याच्यामागे श्वास येतो... पडद्यावर तो खुरट्या गवतासारखा दिसतो. गळामीट ‘त्स’नंतर काहीच नसतं, नुसती सरळ रेघ.

वेलनचं मुद्रण तिला खरं तर वगळायचं होतं. पण आवाज तरी ऐकू, म्हणून तिनं ते लावलं.

“त्स—”

रेघ.

डेझबा पुढे झुकली. तिनं पुन्हा लावलं. पुन्हा. तिन्ही वेळा आधी स्वच्छ, कोरडा फुटल्याचा आवाज, आणि मागे सरळ रेघ. श्वासाचं एक पातंही नाही. घसा मिटलेला होता!

तो व्यंजनावर अडलाच नव्हता. व्यंजन त्यानं तिन्ही वेळा अचूक म्हटलं होतं, चाळीस माणसांत कुणाचं नसेल इतकं स्वच्छ. तो अडला होता त्याच्यानंतरच्या शांततेत. शेळी, ढग, गवत... त्यानं वळसा घातलेले शब्दही त्यांच्या भाषेत असेच घसा मिटून सुरू होणारे. आणि हे साध्या ‘त्स’चं ‘त्से’ नव्हतं, होऊच शकत नव्हतं.

घसा मिटून म्हटलेल्या ‘त्स’नं सुरू होणारं तिच्या माहितीतलं एकच कूळ...

“त्स’आह यिस्क’इद्नी,” ती मोठ्यानं म्हणाली. रानदवण्याच्या टेकडीची माणसं. त्या कुळाशी तिच्या कुळाचं काही एक नातं नव्हतं.

तिला आनंद तर झालाच, पण त्याच्या अंगावरच लाजही येऊन आदळली. तीन वर्षं ती या शांततेचा अभ्यास करत होती. आणि एक माणूस तिच्यासमोर त्या शांततेत उभा राहिला, तर तिला दोन क्षण थांबता आलं नव्हतं.

तिनं किल्ल्या उचलल्या.

*

पवनचक्कीच्या विहिरीवर तो टाकी भरत होता. वर चक्की संथ करकरत होती. तिला पाहून त्यानं नळी घट्ट धरली, जणू तीच उडून जाणार होती.

“तुम्ही त्से देश्गिझ्नी नाही,” डेझबा धापा टाकत म्हणाली.

“कुणी सांगितलं?”

“तुम्हीच. तीनदा.”

त्यानं नळी टाकीत आणखी खोल सारली.

“मग मला अडवलं का नाही? तीन आठवडे दादा दादा करतेय मी!”

“मला वाटलं...” तो खाली बघत म्हणाला, “तुला माझं कूळ कळलंय. आणि तरी दादा म्हणतेस. म्हणजे... लांब राहा, असं गोड शब्दांत सांगतेयस.”

“वेडा आहेस का तू?”

‘तू’ तोंडातून निघून गेलं. दोघांनीही ते ऐकलं. टाकी भरून वाहायला लागली, पाणी लाल मातीत पसरत दोघांच्या बुटांपर्यंत आलं, तरी कुणी हललं नाही.

“मला तुझ्या तोंडून ऐकायचंय,” डेझबा म्हणाली. “सगळं. मी मध्ये बोलणार नाही.”

“वेळ लागेल.”

“लागू दे.”

वेळ लागला. चक्कीची पाती फिरली, एक कावळा येऊन कठड्यावर बसला आणि कंटाळून उडून गेला. डेझबा त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. आजवर तिनं पाहिला होता तो फक्त अडलेला माणूस. आता दिसत होता तो एक न सुटलेला शब्द, आणि तो म्हटल्याशिवाय हटायचं नाही असा हट्ट. मग घसा सुटला.

“त्स’आह यिस्क’इद्नी,” वेलन म्हणाला. आणि खूप दूरवरून चालत आल्यासारखा श्वास सोडला.

“छान कूळ आहे,” ती म्हणाली. “मला फार आवडलं.”

“कूळ?”

“...कूळही.”

*

शनिवारी आई डोंगरावरून उतरली. रविवारी सकाळी वेलन आला, धुतलेला शर्ट घालून, टोपी हातात घेऊन. आई फांद्यांच्या मांडवाखाली निखाऱ्यांवर भाकऱ्या भाजत होती. जुन्या वळणाची बाई, कमी बोलणारी. तिनं मान वर करून पाहिलं आणि वाट पाहत राहिली.

तो बोलायला लागला आणि अडला. या वेळी फारच अडला. डेझबाच्या जिभेवर तो शब्द तयार होता, नुसता सोडायचा अवकाश. तिनं दातांखाली जीभ धरली. आई या हातावरून त्या हातावर पीठ थापत राहिली — थप, थप, थप. ना घाई, ना कीव. शब्द आला. मग वडिलांचं कूळ आलं, तेही अडखळत. मग “डेझबासाठी आलोय” हे आलं, आणि ते मात्र एका दमात.

आईचे हात थांबले.

तिनं पिठाचा गोळा परातीत ठेवला, हात पुसले. खांद्यावरची शाल डोक्यावरून पार तोंडापर्यंत ओढली, उठली, आणि त्याच्याकडे ढुंकूनही न बघता घरामागे निघून गेली.

वेलन पांढरा पडला. “रागावली,” तो पुटपुटला. “मी... जातो.”

डेझबाचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. “थांब. माझ्या आजीनं माझ्या बाबांचं तोंड मरेपर्यंत पाहिलं नाही, माहितीये? बाबा येताना दिसले की अशीच शाल ओढून निघून जायची.”

“का?”

“जुन्या घरांत सासू जावयाच्या तोंडाकडे बघत नाही, वेड्या.”

त्याला कळायला दोन क्षण लागले. मग मानेपासून कानांपर्यंत रंग चढत गेला.

“डेझबा!” घरामागून आईचा आवाज आला. “त्या माणसाला म्हणावं, भाकरी उलट. करपतेय!”

वेलननं वाकून भाकरी उलटली. बोट भाजलं, ते तोंडात घातलं, आणि तसाच तिच्याकडे पाहत म्हणाला, “तुझ्या आईनं तर जावई करूनही टाकलं. तू अजून काहीच बोलली नाहीस.”

डेझबानं तोंड उघडलं. आणि काय झालं कोण जाणे, पानंच्या पानं भरून लिहिणाऱ्या त्या मुलीच्या तोंडून एक अक्षर बाहेर पडेना.

वेलन निखाऱ्यांपाशी मांडी घालून निवांत बसला.

“सावकाश,” तो म्हणाला. “मी थांबलोय.”