ॲडमिशन सेलचा गोड आवाज

गोड बोलणाऱ्या माणसांचा मला संशय येतो. सगळं आयुष्य दिल्लीत काढलंय, यायलाच हवा. त्यामुळे नोएडाच्या पुढच्या त्या खासगी संशोधन विद्यापीठाच्या ओपन डेला मी गेले ती नाक मुरडतच. माहितीपुस्तकात हिरवळ, तळं, हसणारी पोरं... आणि पान बारावर चंद्रप्रभा मॅडमची बॅटरीवर संशोधन करणारी लॅब. मला पीएच.डी. करायची होती ती त्यांच्याकडेच. हिरवळ काय चाटायचीय?

गळ्यात ओळखपत्र घातलेला एक उंच मुलगा आमचा गट फिरवायला आला. सुधन्वा, पीएच.डी.चं दुसरं वर्ष, मूळचा पुण्याचा. मी आर. के. पुरमची केतकी म्हटल्यावर स्वारी लगेच मराठीत सुरू. म्हटलं, झालं, गळ टाकला यानं.

लॅबमध्ये एका यंत्रावर प्लास्टिकचं कव्हर होतं. मी विचारलं, "हे चालतं, की पाहुण्यांपुरतंच आहे?"

तो जरा घुटमळला. "चालतं... आठवड्यातले तीन दिवस. उरलेले दिवस आम्ही त्याच्या पाया पडतो."

मी हसले नाही. म्हणजे – त्याच्यासमोर नाही.

माझी मैत्रीण हेमांगी मुनिरकात खोली घेऊन राहते आणि अशाच एका दुसऱ्या विद्यापीठासाठी ॲडमिशन घेऊ पाहणाऱ्या मुलांना फोन करते. तिनं मला सगळी पद्धत फोडून सांगितली. पहिला फोन माहितीचा, दुसरा काळजीचा, तिसरा आपुलकीचा. "आवाजाला भुलू नकोस यार," ती म्हणाली. "कुठे थांबायचं, कुठे हसायचं, तेसुद्धा आम्हाला लिहून देतात."

सुधन्वाचा पहिला फोन हॉस्टेलबद्दल आला. दुसऱ्यात माझा घसा बसलाय हे त्यानं ओळखलं आणि मिठाच्या गुळण्या करायला सांगितलं. काळजी – मी मनात टिक मारली. तिसऱ्यात तो आईच्या हातच्या अळूच्या फदफद्यावर आला, बोलता बोलता मध्येच थांबला, हसला... आणि आम्ही चाळीस मिनिटं बोलत बसलो. फोन ठेवल्यावर मी स्वतःवरच चिडले. सरळच सांगते, तो मला आवडायला लागला होता. पण हे थांबणं, हे हसणं त्याचं स्वतःचं, की कागदावरचं? कळायला मार्ग नव्हता.

इथली जागा पक्की करायची मुदत शुक्रवारपर्यंत होती. ती घेतली की पुण्याच्या सरकारी संस्थेतली मिळालेली जागा सोडावी लागणार होती.

गुरुवारी दुपारी तीनला चौथा फोन आला. हा हेमांगीच्या पद्धतीत नव्हता.

"केतकी, इथे येऊ नकोस," तो म्हणाला. "मला आज सकाळी कळलं. चंद्रप्रभा मॅडम डिसेंबरात जर्मनीला चालल्यात. पुस्तकात त्यांचा फोटो राहील, त्या नाही राहणार."

मी लगेच विश्वास ठेवला नाही, स्वभावाला औषध नाही. मॅडमनाच मेल केली. संध्याकाळी उत्तर आलं – खरं आहे, मी ऑफिसला महिन्यापूर्वीच कळवलं होतं. मग मात्र मी पुणं पक्कं केलं.

शनिवारी सुधन्वाला बोटॅनिकल गार्डन मेट्रोबाहेर बोलावलं. उन्हानं लालबुंद होऊन आला. पाहुण्यांना फिरवायचं आणि फोनचं ते काम त्याच्याकडून काढून घेतलं होतं. तो ते हसत सांगत होता, पण चेहरा उतरला होता.

"माझ्यासाठी केलंस ना हे?" मी विचारलं. विचारताना कान गरम झाले.

"नाही," तो म्हणाला.

माझं तोंड एवढंसं झालं.

"त्या लॅबसाठी नऊ जण येणार होते. मीच त्यांना गोडवे गाऊन दाखवले होते. नऊही जणांना फोन केला."

"अच्छा. म्हणजे मी नवांतली एक."

तो मान खाली घालून उभा राहिला. "आठ जणांना सांगून अकरालाच मोकळा झालो होतो. तुझा फोन... तीन वाजले. तू आली असतीस तर तीन-चार वर्षं रोज दिसली असतीस गं."

त्यानं माझ्या एकटीसाठी हे केलं असतं ना, तर मी आणखी चार दिवस त्यात काळंबेरं शोधत बसले असते. पण नऊ जणांना खरं सांगून, मला सांगताना चार तास अडलेल्या माणसाचा संशय कसा घ्यायचा?

"मी ऑगस्टमध्ये पुण्याला चाललेय," मी म्हटलं. "आणि तू मला आवडतोस. दोन्ही खरं आहे."

त्यानं मान वर केली. म्हणाला, "दिवाळीला मी घरी येतो... कोथरूडला."

"दिवाळी लांब आहे रे," मी म्हणाले, आणि त्याचा हात धरला.