रेघ ओढेपर्यंत

मी फोटोंच्या फ्रेमा करतो, हे तुम्हाला माहीत आहेच. ही गोष्ट माझी नाही, पण तिची फ्रेम मी केलेली आहे, म्हणून सांगतो. आणि तू, भिंतीला टेकून बसलेला, मध्येच खिदळायचं नाही.

माझा एक मित्र आहे, फोटोग्राफर. गळ्यात कायम दोरीला बांधलेलं भिंग, म्हणून सगळे त्याला भिंगच म्हणतात. त्याच्याकडे लाकडी मोठा कॅमेरा होता. पुढे लेन्स, मागे घासलेली काच, मध्ये कातडी भाता. डोक्यावर काळं कापड ओढून त्या काचेत बघायचं. काचेत सगळं उलटं दिसतं. फरशी वर, छत खाली.

"आजोबा, मोबाइलवर काढायचा ना मग."

मोबाइलवर भिंत वाकडी येते. तुझं डोकं तसंही वाकडंच आहे, तुला फरक कळणार नाही. भिंगाला कळायचा.

तर पाच-सहा वर्षांमागे एक डॉक्टरीणबाई त्याच्याकडे आल्या. वडील गेले होते, घर विकलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पाडायला मशीन येणार होतं. बाईंना त्या घरातली एकच गोष्ट हवी होती. वरच्या खोलीची एक भिंत. बाई लहान असताना वडील दर वाढदिवसाला त्यांना त्या भिंतीशी उभं करायचे, डोक्यावर जाड पुस्तक ठेवायचे आणि पेन्सिलीने रेघ ओढायचे. बाजूला इंग्रजी आकड्यांत तारीख. बाईंना भिंतीएवढाच फोटो हवा होता. तीन फुटांवरची रेघ फोटोतही तीन फुटांवर. म्हणजे कॅमेरा भिंतीला अगदी समोरासमोर लागायला हवा. केसभर कलला की सगळी उंची खोटी.

दिवसा ते जमेना. खाली बसचा रस्ता, बस गेली की फरशी थरथरायची. म्हणून रात्र.

किल्ली देताना बाई हसून म्हणाल्या, "बाबांचा नियम होता. रेघ ओढेपर्यंत हलायचं नाही. हललं की पुन्हा पहिल्यापासून. चौदाव्या वाढदिवशी मी कंटाळून मध्येच पळाले. बाबा म्हणाले, राहू दे, मी थांबतो. मी काही परत उभी राहिले नाही."

सोळा नोव्हेंबर, सोमवार. रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी भिंग वर गेला. खोली रिकामी होती. दोन दिवे लावले, स्टँडचे तीन पाय पसरले, पाणसळ ठेवून बुडबुडा मधोमध आणला. भिंतीवर बाईंच्या रेघा होत्या, शेवटची तेराव्या वर्षाची. तारखांमधल्या प्रत्येक सातच्या पोटात एक छोटी आडवी रेघ. नीटनेटका माणूस असणार, भिंगाला वाटलं.

आता कॅमेरा सरळ लावायची त्याची एक रीत होती. लेन्सच्या बरोबर उंचीवर भिंतीला छोटा आरसा चिकटवायचा. मग काचेत बघायचं. आरशाच्या मधोमध लेन्सचं प्रतिबिंब दिसलं की कॅमेरा भिंतीला समोरासमोर लागला. लेन्सची उंची तो टेपने मोजत नसे. अंगावर मोजायचा. त्या दिवशी लेन्स हनुवटीला आली. म्हणून नेहमीच्या सवयीने तो जाऊन भिंतीशी उभा राहिला. टाचा भिंतीला, पाठ भिंतीला, डोकं भिंतीला. हनुवटीपाशी नखाने खूण केली.

टाळूला काहीतरी गार लागल्यासारखं झालं. वारा असेल, असं म्हणून त्याने आरसा चिकटवला.

मग कापडाखाली गेला. काचेत उलटी भिंत, उलटा आरसा, आरशात लेन्सचं गोल. थोडं डावीकडे होतं. त्याने कॅमेरा हलकेच फिरवला, गोल मध्ये आलं. स्क्रू आवळले. पुन्हा बघितलं तर गोल बोटभर सरकलेलं. बाहेर येऊन पाणसळ बघितली, बुडबुडा जागच्या जागी. पुन्हा लावलं. पुन्हा सरकलं. तिसऱ्यांदा कापडाखाली गेला, तेव्हा साडेबारा वाजून गेले होते.

आरसाच दिसेना.

आरशासमोर कोणीतरी उभं होतं. उलटं. टाचा भिंतीला, पाठ भिंतीला. अंगात भिंगाचा शर्ट. गळ्यात भिंगाचं भिंग.

डोक्यावर जाड पुस्तक.

आणि मग... त्याच्या स्वतःच्या डोक्यावर वजन आलं. कापडावरून. सपाट.

त्याने मागे सरकायचं ठरवलं. पाय निघेनात. हात उचलवेनात. समोर वीतभर अंतरावर काच. सगळीकडे काळं कापड. स्वतःचा गरम श्वास.

काचेच्या कडेने एक हात आत आला. म्हातारा हात. पेन्सिल. हात हळूहळू डोक्यापर्यंत आला... आणि थांबला.

काचेतला भिंग थरथरत होता.

हात मागे गेला. वाट बघितली. पुन्हा आला. पुन्हा मागे.

कानाशी, कापडाच्या पलीकडून, कोणीतरी बोललं. रागाने नाही. समजावल्यासारखं.

"हलू नकोस."

सगळा जन्म त्याने हेच दोन शब्द दुसऱ्यांना सांगितले होते.

"मग आजोबा?"

मग काही नाही. हात यायचा, जायचा. किती वेळा, त्याने मोजलं नाही. पायाला मुंग्या, पाठीत कळ, डोळ्यांत घाम. जितका घाबरायचा तितका थरथरायचा. जितका थरथरायचा तितका हात परत जायचा. मग लांब कुठेतरी एका बसचं इंजिन सुरू झालं.

तेव्हा त्याला कळलं. पहाट होत आली होती. बस सुरू झाल्या की फरशी हलणार. फरशी हलली की तो हलणार. दिवसभर हलणार. आणि आठला...

भिंत.

कॅमेऱ्यासमोर बसलेल्यांना तो जे सांगायचा, तेच त्याने केलं. सगळा श्वास बाहेर सोडला. घेतला नाही. एक. दोन. तीन. हात आला. अकरा. बारा. पेन्सिल टेकली. वीस. छातीत आग. सव्वीस. खालून बस जवळ येत होती. एकतीस...

खर्र.

वजन गेलं. तो मागच्या मागे पडला, कापडासकट. बस खालून गेली आणि खोली थरथरली. पाच वाजायला वीस मिनिटं होती.

भिंतीशी कोणी नव्हतं. त्याने बॅटरी लावून इंच न् इंच बघितला. बाईंच्याच रेघा, एकही जास्त नाही. आरशात लेन्स बरोबर मधोमध होती. त्याने आरसा काढला, फिल्म घातली, फोटो घेतला आणि मगच उतरला. मी त्याला विचारलं, अरे, पळाला का नाहीस? म्हणाला, बाईंकडे दुसरं काय उरणार होतं?

आठला भिंत पडली.

तू का रे सरकलास भिंतीपासून? बस की. ही आपली भिंत आहे.

फोटो माझ्याकडे फ्रेमला आला. आधी भिंगाने आणि मी, दोघांनी तो त्याच्या गळ्यातल्या भिंगातून तपासला होता. तेरा वर्षांपर्यंतच्या रेघा, बस. मी काच बसवली, मागे खिळे मारले, कडेने कागदाची पट्टी चिकटवली. चौथ्या दिवशी बाई आल्या. फ्रेमसमोर उभ्या राहिल्या. खालून एकेक रेघ वर बघत गेल्या. मग काचेवर बोट ठेवलं.

"ही कोणाची?"

तेराव्या वर्षाच्या बरीच वर एक रेघ होती. बाजूला तारीख. सतरा नोव्हेंबर, त्याच पहाटेची. सातच्या पोटात छोटी आडवी रेघ.

पट्टी कुठे फाटलेली नव्हती. खिळे मीच उपटले. टेप लावली. पाच फूट सात इंच. भिंगाची उंची, त्याच्या दाराची चौकट केली तेव्हा मीच त्याला उभं करून मोजली होती.

मग मी अंगठा फिरवला. बाकीच्या रेघा फोटोतल्या, गुळगुळीत कागद. त्या एका रेघेवरून अंगठा फिरवला, आणि उजेडात धरला.

पेन्सिलीचं शिसं लागलं होतं.