बुंदीचा पाक आणि तीनशे शहाऐंशी

"तीनशे शहाऐंशी!"

मशीनवरचा आकडा बघून कल्पिताच्या तोंडून निघूनच गेलं आणि समोर बसलेल्या तरुणाचा चेहरा खर्रकन उतरला.

डोंबिवलीत माघी गणपतीच्या मांडवात मोफत शुगर तपासणी होती आणि कल्पिता लॅबतर्फे आली होती. सकाळपासून तिने साठेक बोटं टोचली असतील, पण या तरुणाचे डोळे समोर आले आणि... ती क्षणभर बघतच राहिली!

"अहो, मी अठ्ठावीसचाच आहे..." नयन नावाच्या त्या तरुणाचा आवाज चिरकला.

"थांबा. बोट दाखवा." बोट चांगलंच चिकट होतं. "आत्ता काय करत होतात?"

"बुंदी वाटत होतो. प्रसादाची."

कल्पिताने कपाळावर हात मारला. टोचण्याआधी हात धुवायला लावायचे, हे ती सगळ्या जगाला सांगायची आणि आज स्वतःच विसरली होती. का विसरली, ते तिचं तिलाच ठाऊक! साबणाने हात धुवून आल्यावर आकडा आला अठ्ठ्याण्णव.

"जीव घेतला असता तुम्ही माझा," नयन हसत सुटला. "आता भरपाई म्हणून चहा तरी प्या माझ्याबरोबर."

"बिनसाखरेचा असेल तर."

"डाएट का?"

"तसंच समजा..."

इथेच चुकलं. कारण कल्पिताला अकराव्या वर्षापासून डायबेटिस होता, रोजची चार इंजेक्शनं होती. खरं सांगितल्यावर दोन स्थळांनी पाठ फिरवली, तेव्हापासून आईने बजावलं होतं, "साखरपुडा होईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही." आणि त्या चहानंतरच्या तीन महिन्यांत नयन तर इतका आवडायला लागला होता की त्याला गमावायची कल्पनाही तिला करवत नव्हती.

एका रविवारी संध्याकाळी ठाण्याच्या तलावपाळीवर दोघं खूप चालली. नयन एकदम थांबला. "माझ्या आईला भेटशील?"

कल्पिताचं काळीज धडधडलं... आणि त्याच क्षणी हात थरथरू लागले, मानेवर घाम आला. शुगर उतरली होती. एरवी ती काहीतरी कारण काढून बाजूला गेली असती. पण आज तिला लपवाछपवीचा वीट आला. ती कट्ट्यावर बसली, पर्समधून मशीन काढली आणि त्याच्या देखत बोट टोचलं. अठ्ठावन्न.

"मला डायबेटिस आहे, नयन. लहानपणापासून. कायमचा." तिने ग्लुकोजच्या गोळ्या तोंडात टाकल्या. "आधी सांगायची हिंमत झाली नाही."

नयनने मशीनवरचा आकडा पाहिला. मग म्हणाला, "आता काय करायचं?"

"पंधरा मिनिटं थांबून परत बघायचं."

त्याने मोबाईलवर अलार्म लावला, तिच्या शेजारी बसला आणि कुणाला तरी फोन लावला. रिक्षा बोलावतोय, कल्पिताला वाटलं. संपलं सगळं.

"आई, स्पीकरवर आहेस हां. कल्पिताला डायबेटिस आहे. रोज इंजेक्शनं घेते. लग्न मी तिच्याशीच करणार, पण तुला आधी माहीत असायला हवं."

कल्पिताने श्वास रोखला.

"स्वतः टोचून घेते?" नयनच्या आईचा, नंदाकाकूंचा आवाज आला. "आणि तुझ्या पायात काच गेली तेव्हा तू अख्खी चाळ गोळा केली होतीस रे!" मग जरा दमाने, "मला यातलं फारसं कळत नाही. शिकवेल ना ती? भात खाते का?"

"मोजून खाते, काकू," कल्पिता कशीबशी म्हणाली.

"अगंबाई, ऐकतेयस होय! मग पुढच्या रविवारी जेवायलाच ये. तुझं ताट तूच वाढून घे हो, मी मुळीच आग्रह करणार नाही."

आयुष्यात पहिल्यांदाच कुणी न मागता तिला हे वचन दिलं होतं. कल्पिताचे डोळे भरून आले.

फोन ठेवून नयन तिच्याकडे वळला. "आई करणार नाही, पण मी करणार आग्रह. हो म्हण ना..."

"थांब!"

उरलेली मिनिटं दोघांनी मोबाईलकडे बघत काढली, आणि अलार्म वाजला. तिने पुन्हा बोट टोचलं. नयन श्वास रोखून मशीनकडे बघत होता. एकशे चार.

"आता डोकं अगदी ठिकाणावर आहे," कल्पिता म्हणाली. "आता सांगते... हो!"