दंडावरची गाठ

“ती पोराला भेटली का न्हाई, येवढंच मला सांगा, बाई. बाकी कायबी नको.”

भरे गावचे बाबालाल मुलाणी खुर्चीच्या कडेवर बसले होते. पिरंगुटला हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत रजनी ढमाले खासगी तपासाची कामं घेत असे. लवळ्याच्या कॉलेजात कविता शिकवायची नोकरी सोडून स्वानंद तिच्या हाताखाली आला होता, तो माणसं उलगडायला. उलगडत मात्र काहीच नसे. माणसांची दुःखं तेवढी त्याच्या अंगाला चिकटून घरी येत.

बाबालालची बायको शाहजादी बुधवारी संध्याकाळी हैदराबादच्या स्लीपर बसने मुलाकडे निघाली होती. मुलगा तारिक कित्येक वर्षं ‘पुढच्या ईदला या’ म्हणत राहिला होता. या वेळी तिने विचारलं नाही, नुसता निरोप धाडला. पुतण्या असलमने तिला चांदणी चौकात नेऊन सोडलं. शुक्रवारी उजाडता ती तिथल्याच निवाऱ्यात मृत सापडली. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. ती गाडीत चढलीच नाही, असं बसवाला म्हणाला. आलीच नाही, असं तारिक म्हणाला.

“असलमनं तिला बसवलीच न्हाई,” बाबालाल म्हणाले. “तशीच टाकून आला. सगळं गाव म्हणतंय.”

“सोबत काय होतं त्यांच्या?”

“नवा आंबेमोहर. पोराचा जीव त्या भातावर. आन् दंडाला इमाम जामीन. माझा हिरवा रुमाल फाडून मीच बांधला.”

स्वानंदच्या चेहऱ्यावरचा प्रश्न पाहून ते म्हणाले, “परवासाला निघालेल्या माणसाच्या दंडाला चिंधीत नाणं गुंडाळून बांधत्यात, सर. इमामाच्या हवाली करायचं माणूस. जितं पोचायचं तितल्या आपल्या माणसानं गाठ सोडायची, नाणं गरिबाला द्यायचं. मधी कुणी सोडत न्हाई.”

“आणि सापडल्या तेव्हा?”

“पिशवी शेजारी हुती. नाकातली चमकी जागच्या जागी. अंगावर तांबडं पांघरूण. कुणा भल्या माणसानं घातलं आसंल.”

रजनीने मान हलवली. “चला, भऱ्याला जाऊ.”

त्या दिवशी तिसऱ्याची जियारत, म्हणजे मयतासाठीची तिसऱ्या दिवसाची दुआ होती. ओसरीवर माणसं दाटीने बसली होती आणि असलम अंगणाच्या टोकाला, गोठ्यापाशी एकटाच उभा होता. त्याच्याभोवतीची मोकळी जागा स्वानंदला एखाद्या खड्ड्यासारखी दिसली.

“बर्थवर बसवून आलो, बाई,” असलम म्हणाला. “पिशवी उचलताना कंबर भरली माझी. पर कुणाला सांगू? चाचांनी मयताला खांदासुदिक देऊ दिला न्हाई.”

पोलिसांनी परत केलेली पिशवी आतल्या खुंटीवर होती. रजनीने ती एका बोटावर उचलली आणि पुन्हा अडकवली.

तारिक दाराशी बसला होता. इस्त्रीचा शर्ट, आणि पायाशी प्रवासाची बॅग. डिकीत चटकन ओळखू यावी म्हणून लोक बांधतात तशी, तिच्या मुठीला जांभळ्या जरीकाठाची एक पट्टी बांधलेली होती.

“स्टॉपवर उभा होतो मी,” तो म्हणाला. “अम्मी उतरलीच नाही.”

“मग अब्बांना कळवलं नाहीत?”

“मोबाईल बंद पडला होता.”

“दिवसभर?”

तारिकने बॅग आणखी जवळ ओढली.

मयताला अंघोळ घातली होती असलमच्या बायकोने, मन्तशाने. ती चुलीपाशी बसूनच बोलली. “येगळं काय न्हाई. पाय सुजलं हुतं. इमाम जामीन दंडाला तसाच. गाठ लई घट, सुटंना, कात्रीनं चिंधी कापली. नाणं गरिबाला दिलं. पर ती जांभळी चिंधी टाकवंना, बाई. डब्यात ठेवलीया.”

“चाचांनी पाहिली?”

“न्हाई. मान्सांना तोंड तेवढं दाखवत्यात, बाकी कफन.”

न पोचलेल्या बाईची न सुटलेली गाठ!  स्वानंदच्या मनात एक ओळ आकार घेऊ लागली आणि तिच्या नादात बाकी सगळं मागे पडलं. रजनी त्याच्याकडे पाहत होती.

“ओळ नंतर करा,” ती म्हणाली. “आधी नीट ऐका.”

मारुंजीच्या मोकळ्या मैदानात दिवसभर लांबच्या बस उभ्या असतात. तिथे शाहजादीच्या बसवरचा जयसिंग भेटला. उतारूंना जागा दाखवणं, सामान लावणं हे त्याचं काम. तीच गाडी, तीच माणसं रात्री जात, दुसऱ्या रात्री परत येत.

“त्या बाई चढल्याच नाहीत, मॅडम. बर्थ मोकळाच गेला.”

स्वानंद गाडीत डोकावला. प्रत्येक बर्थवर एक तांबडं पांघरूण, घडी घालून. रजनीने एका घडीवर हात ठेवला आणि शांतपणे म्हणाली, “जयसिंग, तुम्ही आमच्यासोबत भऱ्याला या. तिथं एक म्हातारा माणूस वाट बघतोय.”

का कोण जाणे, जयसिंग निमूटपणे निघाला.

दिवेलागणीला पाहुणे पांगले होते. रजनी बाबालालसमोर ओसरीवर बसली.

“चाचा, तुमची चिंधी हिरवी होती. शाहजादीबाईंच्या दंडावरून उतरली ती जांभळी.”

बाबालालना समजायला वेळ लागला. स्वानंदला त्याहून अधिक.

“मधे कुणी सोडत नाही, असं तुम्हीच म्हणालात,” रजनी म्हणाली. “म्हणजे हिरवी गाठ पोचल्यावर सुटली, आपल्या माणसाच्या हातून. जांभळी नवी बांधली गेली, ती परतीच्या प्रवासासाठी. पिशवी जाताना जड होती, आली तेव्हा हलकी. तांदूळ चोरणाऱ्याने चमकी सोडली नसती. तांदूळ जिथं न्यायचा होता तिथं पोचला. आणि जांभळ्या कापडाचा दुसरा तुकडा त्या बॅगेच्या मुठीला आहे.”

तारिकने मुठीवर हात ठेवला. पण झाकण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“आणि भला माणूस?” स्वानंदने विचारलं.

“भल्या माणसाने पांघरूण घातलं, ते बर्थवरचं.” ती जयसिंगकडे वळली.

“परतताना पहाटे चांदणी चौक आला,” जयसिंग खाली पाहत म्हणाला. “हाका मारल्या. उठल्या नाहीत. ड्रायव्हर म्हणाला, पोलिस येतील, गाडी अडकेल, सगळे उतारू खोळंबतील. मी उचलून बाकावर ठेवलं. पांघरलं.”

“श्वास होता?”

“बघितला नाही.”

 मग तारिकच बोलू लागला. “फ्लॅट नाही, अब्बा. नोकरीपण नाही. मेव्हण्याच्या गोदामामागं पत्र्याची खोली आहे. अम्मीनं बघितली, बोलली काही नाही. भात टाकला. संध्याकाळी मीच म्हटलं, निजायला जागा नाही, परत जा. तुमच्या सुनेनं, समरीननं, ओढणी फाडून इमाम जामीन बांधला. अम्मी म्हणाली, बापाला सांगते, पोरगं सुखात हाय.”

“आन् मग?”

“मग ती गेल्याचा फोन आला. तिला त्याच दिवशी का लावून दिलं, हे मला सांगता आलं नसतं.”

“आन् असलमला समद्यांनी खुनी केला, ते तुला ऐकू यीत हुतं?”

तारिकने मान डोलावली.

गोठ्यापाशी असलम उभाच होता. बाबालालनी त्याच्याकडे पाहिलं. असलम जवळ आला नाही. त्या मधल्या जागेतून आता कोणाला कुठून चालत यायचं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

“तुझ्या हातचा घास खाल्ला तिनं?” बाबालालनी विचारलं.

“तिनंच भरवला मला.”

म्हणजे भेट झाली होती. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं, आणि त्याने म्हाताऱ्याची मुलाबद्दलची शेवटची आशाही काढून घेतली, असं स्वानंदला वाटलं.

बाबालालनी हात पुढे केला. मन्तशाने डबा उघडून चिंधी त्यांच्या तळव्यावर ठेवली. कात्री कापडावरून फिरली होती. गाठ मात्र जशीच्या तशी राहिली होती.

“ही घरी येताना बांधलेली,” ते म्हणाले. “ही मी सोडायची हुती.”

त्यांनी चिंधी दिव्याजवळ धरली आणि नखांनी गाठ उकलू लागले. रजनी उठली. अंगण ओलांडताना स्वानंदने एकदा मागे वळून पाहिलं. म्हातारा अजून गाठीशीच होता.