जेत्या पेशी

जयसिंगपुरात आता बारशाआधी जनुकमेळ होतो. बाळाच्या गालातून कापसाची काडी फिरवायची, ती यंत्रात घालायची, आणि आईबापांच्या जन्माच्या वेळी नोंदवलेल्या जनुकांशी बाळाची जनुकं जुळली की मगच आत्यानं पाळण्यात वाकून नाव सांगायचं. सरकारची सक्ती नाही बरं का. पण लोकांनी एखादी गोष्ट रीत म्हणून धरली की त्यापेक्षा सरकार परवडलं!

मगदुमांच्या बाळाची आई जुळली, बाप जुळेना. यंत्राला कसली आलीय लाज? भरल्या घरात त्यानं खणखणीत आवाजात सांगून टाकलं, "बाप शर्विल मगदूम नाही. बाप मल्हार मगदूम."

मल्हार म्हणजे शर्विलचा थोरला भाऊ, पलीकडच्या गल्लीत एकटा राहणारा. पाहुण्यांनी घुगऱ्या तशाच टाकल्या आणि चपला शोधायला लागले.

शर्विल ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो आठवत बसला. डोहाळे लागले तेव्हा सान्वीला कैऱ्या कुणी आणल्या? दादानं. मी बेंगळुरूला असताना गीझर कुणी दुरुस्त केला? दादानंच. मल्हारनं आईची शपथ घेतली, तर शर्विलला वाटलं, एवढ्या पटकन कशी घेतली? संशयाचं भूत मानगुटीवर बसलं की असंच होतं. चौथ्या दिवशी तो बायकोला म्हणाला, "बाळाला घे आणि निघ."

"मी काहीही केलेलं नाही," सान्वी म्हणाली. शंभरदा म्हणाली असेल. "आणि हे माझं घर आहे. मी जाणार नाही."

शेवटी खवळली ती अक्का, दोन्ही भावांची मोठी बहीण. "गाढवा, दोघांपैकी कुणाचंही असो, आत्या मीच! पण पोरीवर आळ घेण्याआधी जरा डोकं चालव. तुझं हृदय बंद पडायला आलं होतं तेव्हा मल्हारच्या पेशी घातल्या होत्या ना तुझ्यात?" आणि तिनं सगळ्यांना, बाळासकट, डॉ. झीनत बागवान यांच्यासमोर नेऊन बसवलं. त्या पेशी त्यांनीच घातल्या होत्या.

बागवानबाईंनी शर्विलच्या गालातून काडी फिरवली. निकाल पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"ही जनुकं मल्हार यांची आहेत."

"गाल माझा आहे!" शर्विल म्हणाला.

"ऐका. पेशीत एक जनुक वाढ करायला लावतं. ते बेफाम झालं की कॅन्सर. म्हणून दुसरं एक जनुक राखणदारासारखं बसलेलं असतं. गडबड दिसली की ते पेशीला आत्मघात करायला लावतं. मल्हार यांच्या पेशींत आम्ही वाढीचं जनुक किंचित चढवलं होतं. फार चढवलं असतं तर राखणदार जागा झाला असता. किंचित, म्हणून तो झोपून राहिला. या झाल्या जेत्या पेशी. तुमच्या पेशी शेजारी बघतात, हा आपल्यापेक्षा तगडा. त्यांना वाटतं, खोट आपल्यातच आहे. मग त्यांचा राखणदार त्यांनाच संपवतो आणि ती जागा जेत्या पेशीला मिळते."

"शेजाऱ्याचं बरं चाललंय म्हणून हिनं जीव द्यायचा?" अक्का म्हणाली. "काय बाई तऱ्हा!"

"एक मरते, एक येते. त्यामुळे गाठ नाही, दुखणं नाही. त्या हृदयातच राहतील असं आम्हाला वाटलं होतं. त्या रक्तातून सगळीकडे गेल्या. तुमच्या बीजातसुद्धा, म्हणून बाळात मल्हार यांची जनुकं आली. सान्वी, तुम्ही निर्दोष आहात."

शर्विल ढसाढसा रडला. त्यानं बायकोचे पाय धरले. सान्वीनं पाय मागे घेतले, पण डोळे तिचेही भरून आले. मल्हार भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"आता तुमच्या गालातून एकदा," बागवानबाई सान्वीला म्हणाल्या.

"माझ्या कशाला?"

"पोटात असताना बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात आणि वर्षानुवर्षं राहतात. सगळ्याच आयांचं असं असतं, त्यानं काही बिघडत नाही. पण या बाळाची प्रत्येक पेशी जेती आहे."

"मग औषध द्या तिला!" शर्विल ओरडला.

"औषध राखणदाराला जागं करतं. त्याला या पेशी आपल्याच वाटतात. त्यांच्यावर तो संशयच घेत नाही."

"मेंदूतही जातात?" शर्विलनं विचारलं.

"उशिरा जातात," एवढंच त्या म्हणाल्या.

त्यांनी काडी पुढे केली. सान्वीनं तोंड फिरवलं.

"चार दिवस मी याच तोंडानं सांगत होते, एकानंही ऐकलं नाही. आता त्यात काडी घालून विचारता? नाही उघडणार."

बाळ रडायला लागलं. तिनं पदर ओढून त्याला पाजायला घेतलं, त्याच्या टाळूवरून हात फिरवला आणि बारीक आवाजात काहीतरी गुणगुणायला लागली.

शर्विल तिच्याकडे बघत होता. हे गाणं त्यानं तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. तो पुन्हा आठवायला लागला. दादा कधी हे गुणगुणायचा का?