लपवलेला सोमवार

"ताप कधीपासून आहे हिला?" दवाखान्यातून आलेल्या नर्सबाईंनी विचारलं, आणि आत्याबाईंनी चिमीला पोटाशी धरलं... चिमीच्या कानामागून निघालेलं लाल पुरळ आता गालांवर उतरलं होतं. गोवर! आणि तोही त्यांच्या पाळणाघरात!

दाराबाहेर आया जमल्या होत्या. तापलेल्या पोराला आत घ्यायचं नाही, हा आत्याबाईंचा नेम वीस वर्षांत ढळला नव्हता. आणि आज त्यांची सख्खी भाचीच...! दुपारी तिला उचलून घेताना तिच्या तोंडाला तापाच्या औषधाचा गोड वास आला, तेव्हाच सगळा उलगडा झाला. भावजय औषध पाजून, अंग निवलं की पोर आणून सोडत होती! आणखी एक खाडा झाला असता, तर तिची नोकरीच जाणार होती. पण हे बाहेर कळलं, तर त्या बिचारीला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

"आजच आला," आत्याबाई म्हणाल्या. "चूक माझीच. सकाळी कपाळाला हात लावून पाहिला नाही मी."

"अहो, तुमच्या भरवशावर सोडतो आम्ही मुलं!" एक आई किंचाळली.

नर्सबाई नावं लिहीत होत्या. "नऊ महिन्यांच्या आतलं बाळ आलं होतं का हिच्याजवळ? तेवढ्या बाळांना लस मिळालेली नसते. सहा दिवसांच्या आत कळलं, तर इंजेक्शन देऊन बचाव करता येतो. नंतर उपयोग नाही."

"नाही हो. एवढं लहान माझ्याकडे कुणीच नाही."

"आहे!"

निरोप मिळताच आलेली भावजय दाराआडून धडपडत पुढे आली. चेहरा पांढराफटक पडला होता. "वन्सं, माझ्यासाठी खोटं नका बोलू... ताप सोमवारपासून आहे! तुम्ही आत घेणार नाही म्हणून त्या दिवशी हिला आमच्या शेजारच्या शिवणवाल्या ताईंकडे ठेवली. त्यांचं पाच महिन्यांचं बाळ दिवसभर हिच्या शेजारीच होतं हो!"

सोमवार... आणि आज शुक्रवार! ज्या खोट्याला आत्याबाई त्याग समजत होत्या, ते त्या तान्ह्या जिवावर बेतलं असतं! त्या तशाच अनवाणी शिवणवालीकडे धावल्या.

बाळाला वेळेत इंजेक्शन मिळालं. तरी पुढचे कित्येक दिवस दोघी नणंदा-भावजया जीव मुठीत धरून होत्या. कुणाचं मूल नुसतं शिंकलं तरी दोघी त्याचं कपाळ चाचपायच्या. भावजयीची नोकरी गेली. बाळाला मात्र काही झालं नाही.

गोवरामुळे बंद ठेवलेलं पाळणाघर पुन्हा उघडलं, त्या सकाळी सगळ्यांत आधी भावजयच दारात उभी होती.

"वन्सं, नव्या कामाचा आज पहिला दिवस आहे. पण हिचं अंग कोमट लागतंय... घरीच ठेवते."

आत्याबाईंनी भाचीच्या कपाळाला हात लावला. मग तोच हात भावजयीच्या डोक्यावरून फिरवला, आणि दोघींनाही रडू आवरेना.