एकोणिसाव्याचं घर

नकाशेवाल्याने फोनवर एवढंच सांगितलं, की माळा साफ करतोय, आपल्या जुन्या मोहिमेचे कागद सापडलेत, रविवारी दुपारी ये. मी निघालोच. खरं सांगतो, त्या कागदांसाठी मी तापातून उठूनही गेलो असतो.

कॉलेजात असताना आम्ही एक खेळ खेळायचो. खऱ्या इतिहासात जे युद्ध हरलं गेलं, ते आमच्या कागदावर जिंकलेलं होतं. तिथून पुढचा सगळा इतिहास आम्हीच रचायचा. फासे टाकायचे, आपापल्या सेनापतीच्या तोंडून बोलायचं, मुलूख घ्यायचे नि गमवायचे. नकाशे तो काढायचा. एक खाडी रंगवायला आठवडा लावायचा, म्हणून हे नाव पडलं. सैनिकांच्या पूर्वकथा माझ्याकडे. आमचा एक नियम होता: माणूस मारायचा, तर आधी त्याला एक घर द्यायचं आणि करायचं राहून गेलेलं एक काम द्यायचं. नुसता आकडा मारायचा नाही. त्या नियमापायी एकेका चकमकीवर आम्ही चार-चार दिवस घालवले. तसे दिवस पुन्हा आले नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्याच्या खोलीत तोच शाईचा वास होता, तेच डुगडुगणारं टेबल. आम्ही एकमेकांच्या टकलांची चेष्टा केली, चहा प्यायलो. मग त्याने वही उघडून एका ओळीवर बोट ठेवलं. अक्षर माझं होतं. ‘पूल तुटला. एकोणीस जण वाहून गेले.’ पुढे काही नाही.

“घरं कुठायत यांची?” तो म्हणाला.

मला तो दिवस आठवला. आईला दवाखान्यात नेलंय, असा निरोप आला होता. एवढा डाव संपवून जातो, म्हणत मी ती ओळ घाईघाईने खरडली. तरी डाव संपायला तास गेला. मी पोचलो तेव्हा आई गेली होती. बाबांना सांगितलं, गाडी चुकली. सव्वीस वर्षं झाली. बाबा आता ब्याऐंशीचे आहेत. रोज वाटतं, आज खरं सांगून टाकावं, आणि रोज जीभ रेटत नाही.

“ते येतात रे,” तो हळूच म्हणाला.

“कोण?”

“जिन्यात बसतात... त्रास काही देत नाहीत. आमचं घर कुठलं, तेवढं विचारतात. मी काय सांगू? कथा तुझ्याकडे होत्या.”

मी हसणार होतो. पण जिन्यातून नदीच्या गाळाचा ओला वास वर आला, आणि खाली कुणीतरी खाकरलं. बाहेर चांगलं ऊन होतं. खालच्या गल्लीत कुणीतरी स्कूटर धूत होतं.

“लिही,” तो म्हणाला.

मी लिहायला बसलो. पहिल्याला टेकडीवरची गिरणी दिली, आणि बहिणीच्या बाळासाठी अर्धवट राहिलेला पाळणा. शेवटचा शब्द लिहिला तसे जिन्यात बूट वाजले. पायऱ्या उतरत उतरत लांब गेले. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. दुसऱ्याला दीपगृह दिलं. पुन्हा बूट.

पाच-सहा जण गेल्यावर भीती ओसरली. खोटं कशाला बोलू, मजा यायला लागली. नकाशेवाला प्रत्येकाचं घर नकाशावर टिंब देऊन दाखवायचा. “याला समुद्र दे की लेका, बिचाऱ्याने पाहिला नसेल,” म्हणायचा. त्या तीन तासांत आम्ही पुन्हा विशीतले झालो होतो. आयुष्यात इतका आनंद मला फार थोड्या वेळा झालाय.

अठरा झाले. उन्हं उतरली होती. एकोणिसाव्यासाठी मात्र काही केल्या सुचेना. गाळाचा वास दाराशी आला... दाराबाहेर कुणीतरी ओल्या छातीनं श्वास घेत होतं.

“आवर...” नकाशेवाला कुजबुजला.

मग कथा रचणारे अडल्यावर जे करतात, तेच मी केलं. घरचाच माल वापरला. त्याला माझं घर दिलं: दुसरा मजला, पिवळं दार, आत एकटे वडील. आणि राहिलेलं काम? बाबांना सांगायचं, की गाडी चुकली नव्हती, मी खेळत बसलो होतो. लिहिताना मला रडू आलं. कागदावर का होईना, बोललो एकदाचा.

बूट वाजले. हा मात्र धावत गेला.

“सुटले बिचारे,” नकाशेवाला म्हणाला, आणि खुर्चीतच त्याला झोप लागली. मी वही मिटून निघालो.

वाटेत ठरवून टाकलं, आज काहीही होवो, बाबांना सांगायचंच. वाक्यंसुद्धा जुळवली. दारावर थाप मारली. दार उघडायला वेळ लागला. बाबांचे डोळे रडून सुजले होते, पण चेहरा इतका हलका झाला होता, की तसा मी आई गेल्यापासून पाहिला नव्हता. त्यांच्या खांद्यावर ओला टॉवेल होता.

“बाबा,” मी म्हणालो, “मला तुम्हाला एक सांगायचंय...”

“हळू बोला,” ते म्हणाले. “मुलगा फार दमून आलाय माझा. आत्ताच डोळा लागलाय त्याचा.”

मग त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं. नजरेत माया होती, पण ती परक्या पोरासाठी असते तशी.

“तुम्ही त्याच्या पलटणीतले ना? म्हणाला होता तो, अजून एक जण मागे राहिलाय.”